प्रोपेन स्मोकर मंद आचेवर सुरक्षितपणे चालवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेगडीवर गॅस बारीक केला, तर ज्योत डोळ्यांसमोर असते. स्मोकरमध्ये, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस हळूहळू शिजवायच्या गॅसच्या पेटीत, ती तळाशी, डोळ्यांआड जळते, आणि जितकी बारीक तितकी ती चटकन विझते. दुसरीकडे, आच फारच कमी पडली तर मांस तासन्‌तास कोमट राहतं आणि जंतूंना हवं तेच मिळतं. खालचे बहुतेक प्रश्न या दोन धोक्यांभोवती फिरतात. तापमानं सेल्सिअसमध्ये दिली आहेत. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत काही वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकाच प्रमाण माना.

मंद आच म्हणजे नेमके किती अंश?

मांसाच्या जाळीजवळची हवा साधारण १०७ ते १३५ अंश. १०७ हा अडनिडा आकडा २२५ फॅरनहाइटचा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याची धुरावलेल्या मांसासाठीची शिफारस २२५ ते ३०० फॅरनहाइट, म्हणजे १०७ ते १४९ अंश आहे. ९५ च्या खाली उतरायचं असेल तर त्याला ठोस कारण हवं आणि मांसाची तयारीही वेगळी हवी. ३० अंशांखालचं थंड धुरावणं हा निराळाच प्रकार आहे, तो पुढे येईल.

आणि हे अंश दारावरच्या तबकडीवर वाचू नका. ती तबकडी दाराच्या पत्र्याजवळचं तापमान दाखवते. जाळीजवळ १५-२० अंशांचा फरक सहज असतो. जाळीवर, मांसापासून दोन-तीन बोटं अंतरावर वेगळा प्रोब (थर्मोमीटरची सळई) लावा. तो खरा आहे का हे आधी बर्फ घातलेल्या पाण्यात तपासा, शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात १०० दाखवेल, पण उंचावर राहत असाल तर दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी धरा.

नॉब पूर्ण बारीक करूनही तापमान १३० च्या खाली येत नाही. काय करू?

ही तक्रार सर्वांत जास्त येते. बर्नर मोठा आणि पेटी लहान असली की असं होणारच. ज्योत आणखी लहान करण्याआधी बाकीचे उपाय करून पाहा.

पहिला उपाय पाण्याचा ट्रे. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते. तासाला एक लिटर पाणी आटत असेल तर ६०० वॉटपेक्षा जास्त आच ते पाणीच खातं. म्हणून रुंद ट्रे घ्या, काठोकाठ भरा, आणि पहिल्यांदा गार पाणी घाला. ट्रे कोरडा पडला की तापमान उसळी मारतं, त्यामुळे दीड-दोन तासांनी डोकावत राहा.

दुसरा उपाय : स्मोकर उन्हातून सावलीत आणा. काळ्या पत्र्याची पेटी भर उन्हात नुसती उभी राहूनही बरीच तापते.

तिसरं म्हणजे, लाकडाच्या ढलप्या धुमसतायत की जळतायत ते बघा. तापमान अचानक २०-३० अंशांनी चढलं तर बहुतेक वेळा दोष गॅसचा नसतो, ढलप्यांनी पेट घेतलेला असतो.

आणखी एक सवय लावून घ्या : सुरुवातीपासूनच बारीक गॅसवर हळूहळू वर चढा. एकदा १५० वर गेलेली पेटी खाली आणायला फार वेळ लागतो, आणि त्या घाईतच माणसं नॉब इतका फिरवतात की ज्योत विझते.

खालचे झरोके बंद करू नका, आणि दारात काडी अडकवून ते किलकिलं ठेवू नका. झरोके बंद केले की बर्नरला हवा मिळत नाही. किलकिल्या दारातून येणारा वारा एका बाजूने ज्योत हलवतो, तर दुसऱ्या बाजूने ढलप्या पेटवतो.

नीडल व्हॉल्व्ह (गॅसचा प्रवाह अगदी बारकाईने कमी-जास्त करणारी झडप) बसवून ज्योत आणखी कमी करतात म्हणे. करावं का?

बरेच अनुभवी लोक करतात, आणि नीट केलं तर तापमानावर फार सुंदर ताबा मिळतो. नॉबच्या पाव फेऱ्यात जो फरक पडायचा, तोच इथे कित्येक फेऱ्यांत विभागला जातो. पण माझं मत विचाराल तर थर्मोकपलची, म्हणजे ज्योत विझल्यावर गॅस आपोआप तोडणारी, सुरक्षा झडप नसलेल्या स्मोकरवर हा प्रयोग करू नये. कंपनीने सर्वांत बारीक ज्योतीची जी मर्यादा ठेवलेली असते, ती ज्योत सहज विझू नये म्हणूनच. ती मर्यादा ओलांडायची असेल, तर ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारं काहीतरी हवंच. यंत्रात केलेल्या अशा बदलानंतर हमी सहसा राहत नाही, हेही लक्षात असू द्या.

व्हॉल्व्ह एलपी गॅससाठी प्रमाणित असावा. पाण्याचा किंवा हवेचा चालणार नाही. तो रेग्युलेटरच्या पुढे, कमी दाबाच्या बाजूला येतो आणि गॅसचं काम जाणणाऱ्या माणसाकडूनच बसवून घ्यावा. मग रिकाम्या स्मोकरमध्ये चाचणी घ्या : ज्योत बर्नरच्या प्रत्येक छिद्रावर टिकते का, दार उघडलं-मिटलं तरी टिकते का. एखादं छिद्र जरी विझत असेल, तर तिथून न जळलेला गॅस बाहेर पडतोय. छिद्रं जिथे विझू लागतात, त्याच्या थोडं वरची जागा म्हणजे तुमची खरी सर्वांत बारीक ज्योत. तिथे व्हॉल्व्हवर खूण करून ठेवा.

सिलिंडरचा कॉक अर्धवट उघडून आच कमी करणं, रेग्युलेटरचा स्क्रू पिळणं, किंवा जास्त दाबाचा रेग्युलेटर लावून नंतर कमी करणं, या तिन्ही गोष्टी करू नका. घरगुती उपकरणांचे बर्नर साधारण २८ ते ३७ मिलिबारच्या स्थिर दाबासाठी बनवलेले असतात. तो दाब सांभाळणं हे रेग्युलेटरचं काम.

ज्योत विझली हे कसं ओळखायचं, आणि मग काय करायचं?

ओळखायची पहिली खूण म्हणजे तापमानाची सरळ घसरण. मांस घातल्यावर किंवा दार उघडल्यावर तापमान पडतं, पण दहा मिनिटांत सावरतं. ते सावरलं नाही तर आधी ज्योत तपासा, लाकडाचा विचार नंतर. मी हीच चूक एकदा केली आहे. पहाटेची वेळ होती, तापमान उतरत होतं, मला वाटलं ढलप्या संपल्या असतील. मूठभर घेऊन दार उघडलं, तर तळातून गॅसचा वास आला आणि बर्नर काळाठिक्कर. ढलप्यांच्या ट्रेमध्ये एक जरी निखारा धुमसत असता तरी भडका थेट तोंडावर आला असता. तेव्हापासून कमी तापमानाचा इशारा देणारा थर्मोमीटर मी सक्तीचा मानतो : ठरवलेल्या तापमानाच्या १५ अंश खाली गजर लावायचा.

धोका किती लवकर तयार होतो याचा अंदाज घ्या. हवेत साधारण २ ते ९.५ टक्के प्रोपेन असलं की ते मिश्रण पेट घेतं. दोनशे लिटरच्या पेटीत २ टक्के म्हणजे फक्त चार लिटर गॅस. दीड किलोवॉटवर चालणारा बर्नर मिनिटाला जवळपास एक लिटर गॅस सोडतो. खालच्या झरोक्यांतून काही गॅस निसटतो हे खरं, पण त्यावर विसंबून राहू नये. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो, तो तळाशी साचतो. आणि बर्नर तिथेच असतो.

म्हणून ज्योत विझल्याचं कळलं की पहिला हात सिलिंडरच्या कॉककडे जाऊ द्या. तो बंद, मग नॉब बंद. नंतर एका बाजूला उभं राहून दार पूर्ण उघडा. तोंड पेटीसमोर नको. ढलप्यांचा ट्रे धुमसत असेल तर त्याच्या जवळ जाऊ नका, गॅस आधी विरू द्या. किमान पाच मिनिटं थांबा, वास येत असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत. मग दार उघडं ठेवूनच पेटवा. दार मिटून स्मोकर कधीही पेटवायचा नसतो.

चार-पाच सेकंदांत पेटला नाही तर गॅस बंद करून पुन्हा पाच मिनिटं थांबायचं. खटखट बटण दाबत राहायचं नाही.

थर्मोकपलची झडप काय करते?

ज्योतीत टोक असलेली एक तांब्याची बारीक नळी दिसते, तो थर्मोकपल. टोक तापलं की त्यातून काही मिलिव्होल्टची वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर झडपेतलं चुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवतं. ज्योत गेली की टोक थंड होतं, चुंबक सुटतं, गॅस बंद. याला अर्धं-एक मिनिट लागू शकतं, म्हणजे तेवढा वेळ गॅस सुटतच असतो. झडप असली तरी पाच मिनिटं थांबण्याचा नियम कायम.

बारीक गॅसवर स्मोकर पुन्हा पुन्हा आपोआप बंद होत असेल, तर बहुतेक वेळा ज्योत त्या टोकापर्यंत पोचत नाही किंवा टोकावर काजळी बसलेली असते. टोक पुसा, पुस्तिकेत दाखवलंय त्या जागी आहे का बघा. झडप निकामी करून ‘काम भागवणारे’ उपाय कुणी सांगितले तर ऐकू नका.

ज्योत पिवळी दिसते. चालेल?

नाही. निळी हवी, टोकाला किंचित पिवळसर झाक असली तर हरकत नाही. पिवळी, लोळत जळणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय. त्यातून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि मांसाला कडवट चव येते. हवेची पट्टी थोडी उघडा. तरीही सुधारलं नाही, तर बर्नरला गॅस नेणारी नळी काढून आत बघा. हंगामभर पडून राहिलेल्या बर्नरमध्ये कोळी जाळं करतात; हे इतकं नेहमीचं आहे की कित्येक पुस्तिकांत त्याचा वेगळा इशारा असतो. जाळ्यामुळे गॅस उलटा येऊन नळीच्या तोंडाशीच पेटू शकतो. बाटली धुण्याच्या लांब ब्रशने नळी साफ होते.

वरचं धुराडं बंद करून धूर आत कोंडला तर चव जास्त मुरते ना?

मुरत नाही, मांसावर डांबरासारखा कडवट थर बसतो. जिभेला चरचर लागते ती त्याचीच. शिवाय जळलेला वायू बाहेर जाऊ शकला नाही, तर ताजी हवा आत कुठून येणार? धुराडं पूर्ण उघडं ठेवा, तापमान गॅसने सांभाळा. धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा असावा.

ढलप्या सारख्या पेट घेतात. भिजवू का?

भिजवलेलं पाणी वरच्या थरातच राहतं. आधी वाफ निघते, मग लाकूड जळायचं तसंच जळतं. त्यापेक्षा जाड बिडाच्या भांड्यात, झाकण जवळपास लावून ठेवा, म्हणजे हवा कमी लागेल. ढलप्यांऐवजी मुठीएवढे तुकडे वापरले तरी धुमसणं लांबतं.

फार बारीक गॅसवर उलटी अडचण येते : आच इतकी कमी की लाकूड धुमसतच नाही. अशा वेळी जाळीदार नळीत लाकडाच्या गोळ्या भरून ती वेगळी पेटवतात. धूर नळीचा, ऊब बर्नरची. ही सोय मला फार आवडते, कारण धुरासाठी गॅस वाढवावा लागत नाही. फक्त नळी बर्नर पेटल्यावर आत ठेवा, आणि बर्नरची ज्योत विझली तर ही नळी म्हणजे जळता निखारा आहे हे विसरू नका.

लाकूड फळझाडांचं किंवा कठीण जातीचं असावं. रंगवलेलं, प्रक्रिया केलेलं, प्लायवुडचं किंवा राळ असलेलं चिडासारखं लाकूड नको.

घरात, गॅरेजमध्ये, बंदिस्त गच्चीत चालवला तर?

नको. गॅरेजचं शटर उघडं ठेवूनही नको, पाऊस आला म्हणून तंबूत किंवा छपराखाली ओढूनही नको. बर्नर आणि धुमसणारं लाकूड दोन्ही कार्बन मोनॉक्साइड सोडतात. त्याला रंग नाही, वास नाही. डोकेदुखी, मळमळ, गुंगी सुरू झाली की त्या माणसाला बाहेर पडावं हेही सुचत नाही. भिंतीपासून, झाडापासून, लाकडी कुंपणापासून तीनेक मीटर अंतर ठेवा, जमीन सपाट आणि न जळणारी. तळघराचा झरोका किंवा गटाराचं तोंड जवळ नको, जड गॅस तिकडे उतरतो.

वारा असेल तर?

स्मोकरच्या वाऱ्याकडच्या बाजूला, थोड्या अंतरावर पत्र्याचा आडोसा उभा करा. चारी बाजूंनी गुंडाळू नका, आणि सिलिंडर आडोशाच्या आत घेऊ नका. जोराचा, दिशा बदलणारा वारा असेल त्या दिवशी बारीक गॅसवरचं काम पुढे ढकललेलं बरं.

गळती कशी तपासायची?

भांडी घासायच्या साबणाचं घट्टसर पाणी करा. नॉब बंद, सिलिंडरचा कॉक उघडा, आणि प्रत्येक सांध्यावर, नळीच्या पूर्ण लांबीवर ब्रशने लावा. फुगे वाढत गेले तर तिथे गळती आहे. सिलिंडर बदलला की दर वेळी हे करा, दोन मिनिटांचं काम आहे. काडी पेटवून कधीही तपासू नका. गॅसला मुद्दाम वास घातलेला असतो, पण धुरात तासभर उभं राहिलेल्या नाकावर तेवढा भरवसा ठेवू नये.

थंडीत ज्योत आपोआप लहान होते. सिलिंडरवर बर्फही धरतो.

सिलिंडरमध्ये द्रव असतो आणि तो उकळून गॅस होतो. उकळायला लागणारी उष्णता तो सिलिंडरच्या पत्र्यातून ओढतो, म्हणून पत्रा गार पडतो आणि दाब उतरतो. शुद्ध प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो. पण सिलिंडरमध्ये ब्युटेनचं मिश्रण असेल, तर ब्युटेन शून्याच्या आसपासच हट्ट धरून बसतो; थंडीत आधी प्रोपेन निघून जातो आणि उरलेला गॅस बाहेर यायला तयार नसतो. थंडीत प्रोपेनचा, भरपूर भरलेला सिलिंडर वापरा. त्याला ज्योत, हीटर किंवा उकळतं पाणी लावू नका. आडवाही करू नका, द्रव थेट रेग्युलेटरमध्ये जातो आणि एका लिटर द्रवाचा सुमारे २७० लिटर गॅस होतो.

काही रेग्युलेटरमध्ये जादा प्रवाह रोखणारी सोय असते. नॉब उघडा असताना कॉक झटक्यात उघडला तर ती अडकते आणि ज्योत कितीही केलं तरी मिणमिणतीच राहते. सगळं बंद करा, मिनिटभर थांबा, कॉक अगदी हळू उघडा.

मांस किती वेळ कोमट राहिलं तर चालतं?

४ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. मांसाने तो चार तासांच्या आत ओलांडावा, असा धुरावणाऱ्यांचा जुना आणि समंजस नियम आहे. मंद आचेवर हाच नियम सर्वांत आधी मोडतो. तो पाळायचा तर मांस पूर्ण वितळलेलं हवं. मध्ये बर्फाची गाठ असलेला तुकडा १०७ अंशांतही तासन्‌तास गार राहतो. स्मोकर तापल्यावरच मांस आत घाला. फार जाड तुकडा दोन भागांत कापा.

अखंड तुकड्यात जंतू मुख्यतः पृष्ठभागावर असतात आणि पृष्ठभाग लवकर तापतो. खिमा, सुईने मसाला टोचलेलं, गुंडाळून बांधलेलं मांस यांत मात्र ते आतपर्यंत गेलेले असतात, तिथे सवलत नाही. याच कारणाने मी प्रोबही सुरुवातीला खुपसत नाही. तासाभराने वरचा भाग चांगला तापला की मगच, नाहीतर सळईबरोबर जंतू आपणच आत पोचवतो.

ज्योत विझून मांस किती वेळ कोमट होतं हे सांगता येत नसेल, तर ते टाकून द्या. पुन्हा तापवून जंतू मरतात, पण काही जंतूंनी सोडलेलं विष मरत नाही.

शिजलं हे कशावरून ठरवू?

मांसात खुपसलेल्या थर्मोमीटरवरून. कोंबडी आणि सगळे पक्षी ७४ अंश, खिमा ७१, अखंड तुकडे आणि मासे ६३. अखंड तुकड्याला वर तीन मिनिटांची विश्रांती. सुटं होणारं मांस हवं असेल तर ९० ते ९५ पर्यंत न्यावं लागतं, कारण चिवट कोलॅजनचं जिलेटिन व्हायला आच आणि वेळ दोन्ही लागतात. रंगावर जाऊ नका. धुरातल्या वायूंमुळे कडेला गुलाबी पट्टा येतो, तो पूर्ण शिजलेल्या मांसातही राहतो.

मांसाच्या आतलं तापमान ६८ वर तीन तास अडकलंय. गॅस वाढवू?

पृष्ठभागावरचं पाणी वाफ होताना मांसाला गार करतंय, घाम येतो तसं. ६० ओलांडलेलं आहे, भीती नाही. थांबा, किंवा फॉइलमध्ये गुंडाळा. फक्त ज्योत चालू असल्याची खात्री करा.

सुकवलेल्या मांसाच्या पट्ट्या आणि थंड धुरावणं या स्मोकरवर जमेल?

पट्ट्यांसाठी लागणारी ५५-६० अंशांची आच प्रोपेनवर टिकवणं अवघड आहे. जमलं तरी मांस आधी ७१ अंशांपर्यंत, पक्ष्याचं असल्यास ७४ पर्यंत, ओलसर आचेत तापवून घ्या आणि मग सुकवा. आधी सुकलेल्या मांसातले जंतू नंतरच्या आचेला दाद देत नाहीत.

थंड धुरावण्यासाठी बर्नर पेटवायचाच नाही. पेटी नुसती खोली म्हणून वापरायची आणि धूर वेगळ्या नळीतून. पण मांस आणि सॉसेज असे धुरावणं म्हणजे बोट्युलिझमच्या (जिवावर बेतणाऱ्या अन्नविषबाधेच्या) जंतूला हवाबंद, उबदार घर देणं. त्यासाठी नायट्रायटचं क्युअरिंग मीठ (मांस टिकवायचं खास मीठ) लागतं. ६.२५ टक्के सोडियम नायट्रायट असलेलं मिश्रण किलोभर मांसाला साधारण अडीच ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. चमच्याच्या अंदाजाने नाही, कारण जास्त झालं तर तेच विष. म्हणून थंड धुरावण्याची सुरुवात मांसाऐवजी चीजपासून करा.

आत चरबीने भडका घेतला तर?

दार उघडू नका, पाणी मारू नका. सिलिंडर बंद करा आणि आग हवेविना विझू द्या. कॉकपर्यंत पोचता येत नसेल किंवा ज्वाळा बाहेर येत असतील, तर लांब व्हा आणि अग्निशमन दलाला बोलवा. असं होण्याचं मूळ बहुधा कोरडा पडलेला पाण्याचा ट्रे किंवा मागच्या वेळची न खरवडलेली चरबी असते.

रात्रभर चालू ठेवून झोपलं तर?

झोपू नका. बारा तासांचं काम असेल तर पहाटे सुरू करा. रात्रीच उरकायचं असेल तर चार-पाच तास धूर द्या, मग गुंडाळून घरातल्या ओव्हनमध्ये ११० अंशांवर ठेवा. तोपर्यंत मांसाने धूर घेऊन झालेला असतो.

मध्येच सिलिंडर संपणार नाही हे कसं बघायचं?

वजनाने. दाबाचा काटा फसवतो, कारण आत थोडा जरी द्रव असेल तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्यावरच कोरलेलं असतं, ते वजा करा. एक किलो प्रोपेनमधून साधारण १३ किलोवॉट-तास उष्णता मिळते, म्हणजे दोन किलोवॉटवर सहा-साडेसहा तास. दोन किलोपेक्षा कमी उरला असेल तर लांबच्या कामाला भरलेला सिलिंडर लावा, आणि मध्येच बदलायची वेळ आलीच, तर बर्नर पूर्ण बंद, लाकडाची नळी बाहेर, नव्या सांध्याला साबणाचं पाणी, दार उघडून पाच मिनिटं, आणि मग पेटवा.